हातावरच्या शिरा दिसतात म्हणून ॲस्पिरिन घेऊ नका

‘हातावर शिरा फुगून दिसतात? रक्त घट्ट झालंय, हार्टमध्ये ब्लॉकेज सुरू झालंय. रोज रात्री ॲस्पिरिनची एक गोळी घ्या.’ हा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. शेजारच्या काकूंनी तर मेडिकलमधून पाकीटसुद्धा आणलं. आता स्पष्टच बोलायला हवं.

ब्लॉकेज होतं ते हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत. हातावर दिसतात त्या हृदयाकडे परत जाणाऱ्या शिरा. इथलं बघून तिथलं कळत नाही.

वय वाढलं की कातडी पातळ होते, खालची चरबी झिजते, शिरा वर दिसू लागतात. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या अंगावर मुळात चरबीच कमी. त्यात परभणी-नांदेडचा मे महिना! अंगातली उष्णता बाहेर टाकायला कातडीजवळच्या शिरा रुंदावतात. हात थोडा वेळ खाली सोडा, शिरा टरारून येतील. तोच हात सावकाश डोक्यापर्यंत न्या, त्या बसतील. रक्त नीट परत चाललंय, एवढाच त्याचा अर्थ. रक्त खरंच घट्ट आहे का, हे सीबीसी या रक्ततपासणीतल्या हिमॅटोक्रिटवरून, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणावरून कळतं.

निळ्या शिरेत घाण रक्त असतं म्हणे! सुईने काढून बघा, गडद लालच येतं.

खरा धोका त्या गोळीचा. ‘ॲस्प्री’ या चाचणीत ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतले १९,११४ निरोगी ज्येष्ठ होते. निष्कर्ष २०१८ मध्ये आले. रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेऊन हृदयविकार म्हणावा तसा कमी झाला नाही. मोठा रक्तस्राव मात्र ३.८ टक्के लोकांना झाला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत तो २.८ टक्के होता. आपल्याकडे गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक आधीच चालू असतं. दोन्ही मिळून जठरात जखम होऊ शकते, शी डांबरासारखी काळी होते आणि तोवर बरंच रक्त गेलेलं असतं. अटॅक येऊन गेलेल्यांनी, स्टेंटवाल्यांनी मात्र डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःहून बंद करू नये.

मेसेजमध्ये खरं असलंच तर एवढंच, की शिरा कधीकधी आजार दाखवतात. सलाईननंतर शीर लाल, दोरीसारखी कडक आणि दुखरी झाली, तर डॉक्टरांना दाखवा. एकच हात अचानक सुजून जड, निळसर झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा; आत गुठळी असू शकते. हात वर नेऊनही शिरा फुगलेल्याच राहतात, पाय सुजतात आणि दम लागतो, तर हृदयाची तपासणी करून घ्या. आडवं पडल्यावर श्वासच पुरेना झाला, तर १०८ ला फोन करा.