कॅराव्हॅज्योच्या आधीचं ऊन

सध्या एक मजकूर खूप फिरतोय: ‘चित्रात छायाप्रकाश आणला तो कॅराव्हॅज्योने. त्याआधीची धार्मिक चित्रं सपाट. छापील चित्रांत तर नुसता काळा-पांढरा. मधल्या छटा नाहीतच. उजेड म्हणाल तर संताच्या डोक्यामागचं वलय, तेवढाच.’

आधी सनावळी. इटलीचा चित्रकार कॅराव्हॅज्यो जन्मला १५७१ मध्ये. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्ट ड्यूरर या चित्रकाराने ‘अभ्यासिकेतला संत जेरोम’ (बायबलचा लॅटिन अनुवाद करणारा ख्रिस्ती संत) हे छापील चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलं १५१४ मध्ये, म्हणजे ५७ वर्षं आधी. कॅराव्हॅज्योच्या चित्रांतला अंधार थोर आहेच, पण छायाप्रकाशाची सुरुवात त्याच्यापासून झाली नाही.

आता ‘सपाट’ म्हणणाऱ्यांनी या चित्राची डावी बाजू जवळून बघावी. खिडकीला छोट्या गोल काचा बसवल्या आहेत. भिंत जाड, त्यामुळे खिडकीच्या बाजूला खोल कोनाडा झालाय आणि त्या कोनाड्यावर काचांच्या गोल कडांच्या सावल्या तिरप्या पडल्यात. ऊन कुठून येतंय, किती कलतंय, सगळं कळतं. मी भिंग लावून पाहिलं, तर तिथे होत्या फक्त रेघा. सगळं चित्र जेमतेम २५ बाय १९ सेंटीमीटरचं!

छटांचं म्हणाल तर शाई एकच, काळी, हे खरं. पण कोरणीने पाडलेल्या चरीत शाई भरतात, वरचा पत्रा पुसून घेतात आणि ओला कागद दाबून ती शाई उचलतात. चर खोल-रुंद तर रेघ गडद, उथळ तर फिकी. रेघा दाट घातल्या, एकमेकींवर आडव्या-तिरप्या टाकल्या की सावली गडद होते. विरळ केल्या की करडी छटा येते. आणि ऊन? तिथे कोरणी लागलेलीच नाही, तो कोरा कागद आहे. शिवाय छाप उलटा उमटतो. डावीकडून येणारं हे ऊन ड्यूररने पत्र्यावर उजवीकडून कोरलंय.

वलयाचा मुद्दा तर चित्रच खोडून काढतं. जेरोमच्या डोक्याभोवती तेज आहे, मागची भिंत अंधारी असल्याने ते उठून दिसतं. पण खोली उजळते ती खिडकीतल्या उन्हाने. पुढ्यात पेंगणारा सिंह आणि झोपलेला कुत्रा याच उजेडात निवांत पडलेत.

हे कौतुक आजचं नाही. १५२८ मध्ये इरॅस्मस या डच विद्वानाने लिहिलं की ड्यूरर सावली, उजेड, झळाळी, उंचवटे, खोलगटपणा सगळं काळ्या रेघांनीच दाखवतो, आणि त्यावर रंग चढवलात तर काम बिघडेल.