निळा डाग म्हणजे कुजलेली भिंत? कोणी सांगितलं?

डिचोलीच्या काकीने परवा गवंडी बोलावला. कारण सगळीकडे फिरणारा तो मेसेज: ‘थर्मल कॅमेरा भिंतीच्या आरपार पाहतो. जुन्या घराचा एक फोटो पुरे. निळं दिसेल तिथे भिंत कुजली, चुना खरवडा, सिमेंट मारा.’ कोणीतरी कॅमेरा आणला, फोटो काढला, आणि मी पोचेपर्यंत पूर्वेकडच्या भिंतीचा वीतभर गिलावा खाली आला होता.

आरपार वगैरे काही नाही. हा एक्स-रे नव्हे. पृष्ठभागातून निघणारी उष्णता कॅमेरा टिपतो. आतलं जे कळतं, तो त्यावरून बांधलेला अंदाज.

आता निळ्याचं. कुठे कुठला रंग, ते कॅमेरा ठरवतो. चौकटीत जे सर्वांत गार ते निळं, मग फरक दीड अंशाचा का असेना. ओली भिंत गार असते हे खरं, माठातलं पाणी गार होतं त्याच कारणाने. पण सावलीतली भिंतही गारच! काकीच्या फोटोतला निळा पट्टा मी भिंतीशी ताडून पाहिला. सकाळी फणसाची सावली पडते, नेमका तेवढाच. नखाने घासलं, चुना खडखडीत कोरडा. ओल खरोखर किती, ते भिंतीचा भुगा काढून, वजन करून, भट्टीत वाळवून पुन्हा वजन केल्यावर कळतं.

आणि सिमेंट! संताप येतो तो ह्याचा. चिरा, म्हणजे भिंतीतला जांभा दगड, जमिनीतली ओल ओढतो, चुन्यातून ती बाहेर पडते. सिमेंटने वाट अडवली की ओल कोंडते, क्षार गिलाव्यामागे साचतात आणि चिऱ्याचा भुगा होतो. चुना नुसता काढला तरी काय होतं, ते जुन्या गोव्यात जाऊन पाहा. १६०५ सालच्या बॉम जेझू बासिलिकेचा बाहेरचा गिलावा १९५०च्या दशकात उतरवला. तेव्हापासून उघडा पडलेला तो चिरा पावसाचा मारा खातोय आणि झिजतोय.

‘एक फोटो पुरे’ हेही खोटं. भर पावसात आत-बाहेर तापमान जवळपास सारखं, तेव्हा फोटोत काहीच उठून दिसत नाही.

एक मात्र मान्य. गिलावा सुटून मागे पोकळी झाली असेल, तर उन्हात तेवढा भाग लवकर तापतो आणि कॅमेऱ्यात दिसतो. उंच भिंतीवर, जिथे टिचकी मारून ऐकता येत नाही, तिथे हे खूप कामाचं आहे.

सिमेंटची दोन पोती परत पाठवली. त्या वीतभर जागेवर चुन्याचाच हात बसेल.