यिर्मयाच्या ‘नव्या करारा’त मंडळीचं नाव कुठे आहे?

उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) जवळ आला की एक मेसेज फिरायला लागतो: ‘देव यहुद्यांना टाकून देईल, हे यिर्मयाने ख्रिस्ताआधी सहाशे वर्षं लिहून ठेवलं (३१:३१-३४). देवाने नियमशास्त्र रद्द करून मंडळीशी नवा करार केला. म्हणूनच यहूदी हा अध्याय वाचत नाहीत.’ (यिर्मया हा बायबलच्या पहिल्या भागातला संदेष्टा, नियमशास्त्र म्हणजे मोशेचे नियम आणि मंडळी म्हणजे ख्रिस्ती चर्च.) ‘हा प्याला माझ्या रक्तात नवा करार आहे’ हे येशूचे शब्द मी लहानपणापासून प्रभुभोजनात ऐकत आलोय, माझा त्यांवर विश्वास आहे. तरीही हा मेसेज मला पटत नाही.

‘मंडळीशी करार केला.’ वचनात करार कुणाशी? इस्राएलच्या घराण्याशी आणि यहूदाच्या घराण्याशी. उत्तरेचं इस्राएल अश्शूरने इ.स.पू. ७२२च्या सुमारास बुडवलेलं आणि यहूदाची राजधानी यरुशलेमही बाबेलच्या हाती जाण्याच्या बेतात. फुटलेली दोन्ही घरं देव पुन्हा एकत्र आणेल, हा तिथला दिलासा. बायबलच्या ख्रिस्ती भागातल्या ‘इब्री लोकांस पत्रा’च्या आठव्या अध्यायात हा उतारा अख्खा येतो, तिथेही ही दोन नावं कुणी बदललेली नाहीत. मंडळी या करारात सामील झाली, ही ख्रिस्ती श्रद्धा. ती येशूच्या त्या प्याल्यावरच्या शब्दांवरून येते. यिर्मयाच्या तोंडी ती घालू नये.

‘यहुद्यांना टाकलं.’ याला आधार म्हणून ३२वं वचन दाखवतात, आणि खरी गंमत इथेच आहे. इब्री पत्रात ‘मी त्यांची पर्वा केली नाही’ असं आहे, कारण ते जुन्या ग्रीक भाषांतरावरून घेतलंय. मूळ हिब्रूत क्रियापद आहे ‘बाअल’, म्हणजे मालक असणं, नवरा असणं. मराठीत त्याला अगदी नेमका शब्द आहे: धनी. खेड्यातली बाई नवऱ्याला ‘आमचे धनी’ म्हणते, तेच. ‘मी त्यांचा धनी असूनही त्यांनी माझा करार मोडला’, असा तो सूर. दुखावलेल्या नवऱ्याचा. एका अक्षराच्या फरकाने ‘किळस आली’ या अर्थाचं ‘गाअल’ होतं आणि ग्रीक भाषांतरकारांनी तसं वाचलं असावं, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. ते काहीही असो, मेसेज लिहिणाऱ्याने आणखी दोन-तीन वचनं तरी वाचायची होती. ३५ ते ३७मध्ये देव म्हणतो की सूर्य, चंद्र, ताऱ्यांचे नेम ढळले तरच इस्राएलचा वंश राष्ट्र म्हणून संपेल. येशूचा प्रेषित पौलही ‘रोमकरांस पत्रा’च्या अकराव्या अध्यायात विचारतो, देवाने आपल्या लोकांना टाकलं का? आणि स्वतःच ठणकावून नाही म्हणतो.

‘नियमशास्त्र रद्द.’ मग हृदयावर लिहायचं काय? हिब्रूत शब्द आहे ‘तोरा’, म्हणजे तेच नियमशास्त्र. दगडी पाट्यांवरचं काळजावर जाणार, मजकूर तोच. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हयात असलेले यहूदी भाष्यकार दावीद किमखी हेच सांगतात: नवेपण इतकंच की हा करार मोडला जाणार नाही. इब्री ८:१३ पहिल्या कराराला ‘जुना’ म्हणतं, हे मी नाकारत नाही. पण तिथला विषय याजकपण (पुरोहितपण), उपासनेचा मंडप आणि यज्ञ हा आहे. एक लोकसमूह मोडीत काढण्याचा नाही.

‘यहूदी वाचत नाहीत.’ रोश हशानाच्या, म्हणजे यहुदी नववर्षाच्या, दुसऱ्या दिवशी सभास्थानात याच अध्यायातला उतारा वाचतात. तो नव्या कराराच्या वचनाआधी संपतो हे खरं, पण ते वचन त्यांच्या प्रत्येक तनाखमध्ये (यहुदी बायबलमध्ये) छापलेलं असतं. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे यहूदी, बेने इस्राएल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव ‘शनवार तेली’ म्हणायचा, तेही याच यिर्मयाचे वाचक. आणि ‘नवा करार’ हा शब्द काही फक्त आपलाच नाही. मृत समुद्राकाठच्या गुहांत ज्याचे तुकडे सापडले, त्या एका यहूदी पंथाच्या ख्रिस्तपूर्व ग्रंथात ‘दमास्कसच्या देशातला नवा करार’ असा उल्लेख आहे.

यहूदी वाचकाचा उलट प्रश्न मात्र ३४व्या वचनावर असतो: ‘परमेश्वराला ओळखा’ असं शेजाऱ्याला शिकवायची गरज उरणार नाही, तो दिवस कुठे उजाडलाय? आम्ही ख्रिस्ती म्हणतो, सुरुवात झालीय, पूर्णता यायचीय. ते हसतात, आणि हसायला जागा आहे. शिकवायची गरज संपली असती, तर हा मेसेज कुणी कशाला फॉरवर्ड केला असता?