पौलाला प्रेषित कोणी केलं?

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रेषित (सुवार्ता सांगायला येशूने पाठवलेला) व्हायच्या अटी बायबलमध्येच दिल्या आहेत आणि बायबलमधली कितीतरी पत्रं लिहिणारा पौल त्यांत बसत नाही. प्रेषित बाराच होते. पौलाने ही पदवी स्वतःच स्वतःला लावून घेतली. इफिस शहरातल्या मंडळीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाने, त्याला पारखून खोटा ठरवलं. त्याने प्रेषितपणाच्या जोरावर मंडळ्यांवर हुकूम गाजवला. आणि येशूच्या मूळ शिष्यांनी त्याला कधीच आपलं मानलं नाही.

हा मेसेज ख्रिस्ती धर्माचे विरोधक पाठवतात तसे आपल्यातले काही विश्वासणारेही पाठवतात. प्रत्येक वाक्यापुढे वचनाचा संदर्भ असल्यामुळे तो अभ्यासून लिहिल्यासारखा वाटतो. पौलावर टीका जरूर व्हावी, ती त्याच्या हयातीतही झाली. पण संदर्भ द्यायचे आणि मागचंपुढचं कापून टाकायचं, हे मला मान्य नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

अटींचा संदर्भ बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातला आहे. येशूचा विश्वासघात करणारा शिष्य यहूदा इस्कार्योत मेला आणि बारांमधली त्याची जागा रिकामी झाली. सुमारे १२० जण जमले होते. पेत्र उभा राहून म्हणाला की योहानाच्या बाप्तिस्म्यापासून येशू वर घेतला जाईपर्यंत जे आपल्याबरोबर वावरले, त्यांच्यापैकी एकाने पुनरुत्थानाचा साक्षी व्हावं. योसेफ बर्सबा आणि मत्थिया अशी दोन नावं पुढे आली. प्रार्थना झाली, चिठ्ठ्या टाकल्या, मत्थियाचं नाव निघालं.

या अटी कशासाठी होत्या? बारांमधली एक जागा भरण्यासाठी. बारा हा आकडा इस्राएलाच्या बारा वंशांशी जोडलेला आहे. मत्तयाच्या १९ व्या अध्यायात येशू शिष्यांना बारा राजासनांचं आणि बारा वंशांचं वचन देतो. विश्वासघाताने त्यातली एक जागा मोकळी पडली होती, ती भरली गेली. आता त्याच पुस्तकाचा १२ वा अध्याय उघडा. राजा हेरोद अग्रिप्पाने जब्दीचा मुलगा याकोब याला तलवारीने मारलं. हा हेरोद इ.स. ४४ मध्ये मेला, म्हणजे ही घटना त्याआधीची. याकोब बारांपैकी होता, त्यातही येशूच्या अगदी जवळच्या तिघांपैकी एक. त्याच्या जागी कोणाची निवड झाली? कोणाचीच नाही. ना सभा, ना चिठ्ठ्या. त्या अटी प्रेषितपणाचा कायमचा नियम असत्या, तर तो लावायची वेळ हीच होती. पहिल्या १२० मधले कितीतरी जण तेव्हा जिवंतही असणार.

पौलाने तर बारांमध्ये जागा मागितलेलीच नाही. काही पौलप्रेमी सांगतात की मत्थियाची निवड घाईत झाली, खरा बारावा पौलच. तेही पौलाच्या स्वतःच्या लिखाणाविरुद्ध जातं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात तो पुनरुत्थित येशूने कोणाकोणाला दर्शन दिलं याची यादी देतो: केफा (म्हणजे पेत्र), मग बारा जण, मग पाचशेहून अधिक बंधू, मग याकोब, मग सगळे प्रेषित, आणि सर्वांच्या शेवटी मी. इथे 'बारा जण' वेगळे आणि 'सगळे प्रेषित' वेगळे. यादीतला हा याकोब म्हणजे प्रभूचा भाऊ.

दुसरा मुद्दा, प्रेषित बाराच, या यादीतच निकालात निघतो. तरी आणखी पाहू. प्रेषितांच्या कृत्यांच्या १४ व्या अध्यायात लुस्त्रातले लोक बर्णबाला झ्यूस आणि पौलाला हर्मेस समजतात. पुजारी वेशीजवळ बैल आणि फुलांच्या माळा घेऊन येतो. ते ऐकून 'प्रेषित बर्णबा आणि पौल' आपले कपडे फाडत गर्दीत घुसतात. दोघांना प्रेषित म्हणणारा इथे या पुस्तकाचा लेखक लूक आहे, पौल नव्हे, आणि त्याने बर्णबाचं नाव आधी घेतलं आहे. लूक हा शब्द बहुतेक ठिकाणी बारांसाठीच राखतो हे खरं. इथे त्याचा अर्थ अंत्युखिया शहरातल्या मंडळीने पाठवलेले एवढाच आहे असंही काही अभ्यासक म्हणतात. तसं धरलं तरी 'बाराच' हा दावा टिकत नाही. रोमकरांस पत्राच्या १६ व्या अध्यायात अंद्रोनीक आणि युनिया ही नावं प्रेषितांच्या संदर्भात येतात. त्या वाक्याच्या अर्थावर वाद आहे, पण चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिसोस्तोम हा ग्रीक धर्मपिता युनियाला बाई समजूनच, प्रेषितांत गणली गेली म्हणून तिचं कौतुक करतो. ग्रीक ही त्याची मातृभाषा होती.

तिसरा मुद्दा स्वयंघोषित असल्याचा. पौल दोन गोष्टी पुढे करतो: मी प्रभूला पाहिलं आहे, आणि माझ्या प्रेषितपणाचा शिक्का तुम्ही स्वतः आहात. मेसेज लिहिणारा म्हणेल, हा तर त्याचाच शब्द. आक्षेप रास्त आहे. पण हा शब्द तो कोणाला लिहितो ते बघा. करिंथमध्ये 'मी केफाचा' म्हणणारा गट होता. केफा पत्नीला घेऊन प्रवास करतो हे त्या लोकांना माहीत आहे असं धरूनच पौल लिहितो. अशा माणसांना तो सांगतो की मी काय किंवा ते काय, आम्ही हीच घोषणा करतो आणि तुम्ही हाच विश्वास धरलात. ही थाप असती तर केफाच्या गटाने ती तिथल्या तिथे उघडी पाडली असती.

शिवाय कृत्यांच्या १३ व्या अध्यायात अंत्युखियाची मंडळी उपास आणि प्रार्थना करून बर्णबा आणि शौल (पौलाचंच दुसरं नाव) यांच्यावर हात ठेवते आणि त्यांना रवाना करते. त्याआधी दिमिष्कात (दमास्कसमध्ये) हनन्या नावाच्या शिष्याने पौलावर हात ठेवले, पौलाचा बाप्तिस्मा झाला. स्वतःच स्वतःला नेमणाऱ्याच्या आयुष्यात इतक्या जणांचे हात नसतात.

इफिसचा मुद्दा सगळ्यात कच्चा, आणि दुर्दैवाने सगळ्यात जास्त पसरलेला. बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात इफिसच्या मंडळीची स्तुती आहे की, जे स्वतःला प्रेषित म्हणवतात पण नाहीत, त्यांची तुम्ही परीक्षा केली. मूळ वाक्य अनेकवचनी आहे आणि त्यात कोणाचंही नाव नाही. दुसऱ्या शतकातला धर्मपिता आयरेनियस याच्या सांगण्याप्रमाणे हे पुस्तक सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या शेवटचं, म्हणजे इ.स. ९५ च्या सुमाराचं. पौल तोवर जाऊन जवळपास तीस वर्षं झाली होती. इफिसने पौलाला हाकललं असतं तर पुढच्या पिढीच्या आठवणीत ते उतरलं असतं. उतरलं आहे ते उलटंच. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस साखळदंडात रोमला नेला जात होता. वाटेत त्याने इफिसकरांना पत्र लिहिलं आणि त्यांना पौलाचे सहभागी म्हणून गौरवलं. प्रकटीकरणातल्या त्या ओळींनंतर फार तर वीसेक वर्षांत, त्याच मंडळीला लिहिलेलं हे पत्र आहे.

हुकूम गाजवण्याबद्दल. पौल कडक बोलतो, कधीकधी खूपच कडक, ते मी झाकत नाही. गलतीकरांस पत्राचा स्वर आजही वाचताना टोचतो. पण प्रेषिताचा अधिकार तो कुठे थांबवतो तेही वाचावं. आम्ही किंवा स्वर्गातल्या दूताने जरी वेगळी सुवार्ता सांगितली तरी ती मानू नका, असं तो म्हणतो. म्हणजे स्वतःलाही तो त्याच नियमात बांधतो. लग्नाबद्दल लिहिताना हे प्रभूचं आणि हे माझं असं वेगळं करून सांगतो. फिलेमोनाला लिहितो की आज्ञा करू शकलो असतो, पण प्रीतीखातर विनंती करतो. मंडळीकडून पोट भरण्याचा हक्क असूनही करिंथमध्ये तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत होता.

आणि मंडळ्या काही भोळ्या नव्हत्या. 'डिडाखे' ही प्राचीन नियमपुस्तिका १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली. त्यात दारी येणाऱ्या प्रेषितांसाठी नियम आहेत: प्रभूसारखं स्वागत करा, एक दिवस राहू द्या, गरज असेल तर दोन, तीन दिवस राहिला तर तो खोटा, निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्या, पैसे मागितले तर खोटा. आजकाल सभांच्या बॅनरवर नावाआधी 'अपोस्टल' लावण्याची पद्धत पडली आहे. ती लावणाऱ्यांनी हा उतारा जरूर वाचावा.

राहिला शेवटचा मुद्दा, मूळ शिष्यांचा. पौल सांगतो की येशूचं दर्शन झाल्यावर तीन वर्षांनी तो यरुशलेमला गेला आणि केफाकडे १५ दिवस राहिला. प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला, आणि मी खोटं बोलत नाही असं देवाला साक्षी ठेवून म्हणतो. पुढे १४ वर्षांनी तो बर्णबाबरोबर पुन्हा गेला. तेव्हा मंडळीचे खांब मानले गेलेले याकोब, केफा आणि योहान यांनी दोघांना सहभागितेचे उजवे हात दिले: तुम्ही परराष्ट्रीयांकडे (यहूदी नसलेल्यांकडे) जा, आम्ही सुंता झालेल्यांकडे (यहूद्यांकडे) जातो. नंतर अंत्युखियात केफा परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला, तेव्हा पौलाने सर्वांदेखत त्याला सुनावलं. हे भांडण पौलानेच लिहून ठेवलं आहे. पौलाला नाकारणारे लोक होते. यहूदी नियम पाळणारा एबियोनी हा ख्रिस्ती पंथ त्याला मोशेचं नियमशास्त्र सोडणारा म्हणत असे, हे आयरेनियस नोंदवतो. त्या पंथाचं मत मेसेजने पेत्राच्या आणि याकोबाच्या तोंडी घातलं आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथला गेलेलं क्लेमेंटचं पत्र पेत्र आणि पौल यांची नावं शेजारीशेजारी घेतं.

त्या खांबांनी एकच मागणी केली होती, गरिबांची आठवण ठेवा. पौलाने पुढे मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांमधून यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली. ती घेऊन जाण्याआधी त्याने रोमकरांना लिहिलं की यहूदीयात माझ्या जिवाला धोका आहे, आणि ही मदत तिथल्या पवित्र जनांना मान्य व्हावी म्हणून प्रार्थना करा. कैसरियात अगबा नावाच्या संदेष्ट्याने त्याचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधून दाखवले: तिथे तुझं असं होईल. तरी तो गेला. बंधूंनी आनंदाने स्वागत केलं, दुसऱ्या दिवशी याकोब आणि मंडळीचे सगळे वडीलजन त्याला भेटले. काही दिवसांतच मंदिरात त्याला अटक झाली.