तळेवाडीचा माणूसच भीमगडचा गाईड हवा

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगड अभयारण्यात असलेल्या तळेवाडी गावानं घरटी १५ लाख रुपये घेऊन जंगलाबाहेर यायचं कबूल केलं आणि खानापूर तालुक्यात दोन तट पडले. एक म्हणतो, रान मोकळं झालं की वाघ-गवे वाढतील, पर्यटक येतील. दुसरा म्हणतो, पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं रान सोडायचंच का? मी खानापूरचा, सध्या कोस्टा रिकात राहतो. मला दोघांनाही विचारायचंय: पर्यटक आले, तर त्यांचा पैसा कुणाच्या हाती पडणार?

जायचं की राहायचं हे गावानंच ठरवावं. भर पावसात आजारी माणसाला डोलीत घालून चिखलातून आणावं लागतं, अशा लोकांना बेळगावात बसून 'रान सोडू नका' सांगण्याचा हक्क कुणाला नाही. मलाही नाही.

इथल्या कॅरिबियन किनाऱ्यावर तोर्तुगेरो नावाचं गाव आहे. गावाला सडक नाही, होडीनंच जायचं. हिरवी समुद्रकासवं तिथं अंडी घालतात. एके काळी मांसासाठी, अंड्यांसाठी त्यांची सर्रास शिकार व्हायची. १९७५ साली तिथं राष्ट्रीय उद्यान झालं. आता कासवं बघायला रात्री परवानाधारक गाईडशिवाय किनाऱ्यावर जाता येत नाही. आमचा गाईड गावातलाच होता. अंगात गडद कपडे घाला, मोबाईल बंद ठेवा, असं त्यानं आधीच बजावलं. कासवीचा खड्डा खणून होईपर्यंत त्यानं आम्हाला झाडीत बसवून ठेवलं, कारण त्याआधी ती बिचकली तर अंडी न घालताच समुद्रात परतते. अंडी पडायला लागली, तेव्हा लाल दिवा धरून मागच्या बाजूनं जवळ नेलं. कुणी बोललं की नुसता हात वर करायचा, सगळे गप्प.

इथल्याच कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यानातही २०१४ पासून गाईडशिवाय प्रवेश नाही. शिवाय १९९६ च्या कायद्यानं, खासगी जमिनीवरचं जंगल राखणाऱ्याला सरकार मोबदला देतं, आणि त्यातला बराच पैसा इंधनावरच्या करातून येतो. इथं सगळं आलबेल आहे असं नाही. अननसाच्या बागा पसरतायत, कोर्कोवादोत सोनं काढणारे चोरून शिरतात. पण जंगल राखलं तर घर चालतं, हे लोकांना पटलंय.

भीमगडात गव्यांचा पाणवठा, अस्वलाची वाट तळेवाडी, गवाळी या रानातल्या गावांच्या माणसांइतकी कुणाला ठाऊक आहे? मग गाईड आणि वनरक्षक म्हणून पहिला हक्क त्यांचा, असं चेकबरोबरच लेखी द्यायला हवं होतं. अजूनही देता येईल. प्रशिक्षण आणि परीक्षा मराठीतूनही घ्या. कन्नड अर्ज भरता आला नाही म्हणून रानातला जाणकार हॉटेलात भांडी घासायला लागला, तर तो जंगलाचाही तोटा आहे.

आणि भीमगडातल्या बारापेडेच्या गुहा पर्यटकांना दाखवूच नका. तिथली 'राउटन' जातीची वटवाघळं जगात अगदी मोजक्या ठिकाणी सापडतात. टॉर्च आणि आरडाओरड्यानं ती उठून गेली, तर त्यांना परत आणायचा उपाय आपल्याकडे नाही. त्या गुहांवर राखण ठेवा, आणि तीही तळेवाडीच्याच पोरांची.