कोंबडीचा उष्मा टॉनिकने उतरत नाही

एप्रिल आला की गोव्यात पेडण्यापासून सत्तरीपर्यंत कोंबडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरू लागतो: "उन्हाळ्यात अंड्याचं कवच पातळ होतं ते कॅल्शियम कमी पडल्यामुळे. सकाळी पाण्यात कॅल्शियम, व्हिटॅमिन सी आणि मिनरल टॉनिक घाला. पंख्यांवर खर्च नको. डोस जास्त झाला तरी अपाय नाही, पिल्लांनाही चालतो." जीवनसत्त्वं, खनिजं उपयोगी आहेत, मीही ती द्यायला सांगतो. पण या संदेशाप्रमाणे वागलात तर पैसाही जाईल आणि कोंबड्याही.

आधी कवचाचं बघू. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच वासून धापा टाकते आणि ओलावा बाहेर टाकून अंग निववते. त्या धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड भरमसाट निघून जातो, रक्त जास्त अल्कधर्मी होतं, आणि ज्यातून कवचाचं कार्बोनेट बनतं ते बायकार्बोनेट घटतं. कवच तर जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं. म्हणजे कॅल्शियम असलं तरी जोडीला कार्बोनेट नाही, आणि अशा रक्तात मोकळं कॅल्शियमही कमी होतं. नुसतं कॅल्शियम ओतून भागेल कसं? खाद्यात मोजून घातलेला खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, इथे उपयोगी पडतो.

कॅल्शियम कमी पडतं हेही खोटं नाही, पण ते कोंबडी खाणं तोडते म्हणून. 110 ग्रॅम खाद्य खाणारी कोंबडी 85 ग्रॅमवर आली, तर 3.8 टक्के कॅल्शियमच्या खाद्यातून 4.2 ऐवजी 3.2 ग्रॅमच पोटात जातं. एका कवचाला सुमारे 2 ग्रॅम लागतं, आणि खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही. यावर उपाय संध्याकाळी द्यायचा: शिंपल्यांचा जाडसर चुरा. कवच मुख्यतः रात्री चढतं, आणि जाड खडे पेषणीत (दाणे दळणाऱ्या जठरात) राहून रात्रभर सावकाश विरघळतात. तिसऱ्या-खुब्यांच्या शिंपल्या गोव्यात कोणत्या घरी नाहीत? धुवा, कडक वाळवा, कुटा. सकाळी पाण्यातून दिलेलं कॅल्शियम रात्रीपर्यंत थोडंच थांबतं!

व्हिटॅमिन सी कोंबडी स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करते, पण उष्म्यात ते पुरत नाही. खाद्यात किलोमागे 200 ते 250 मिलिग्रॅम दिल्याने फायदा होतो. पाण्यात विरघळवलं की मात्र ऊन-हवा लागून ते नासतं. पाण्यातूनच द्यायचं तर दुपारचा ताव चढण्याआधी, गार पाण्यात, दोन-तीन तासांत संपेल एवढंच द्या.

सगळ्यांत घातक सल्ला आहे तो पंखे नकोत हा. आपली मे महिन्यातली हवा दमट. दमट हवेत ओलावा उडत नाही, त्यामुळे धाप टाकूनही कोंबडी निवत नाही. घाटावरच्या कोरड्या हवेत फवारे चालतात. इथे बंद शेडमध्ये फवारे मारले तर दमटपणा आणखी वाढतो. इथे वाहता वारा हवा, पत्र्यावर झावळ्या हव्यात आणि पाण्याची टाकी सावलीत हवी. हे झालं की मग टॉनिक.

राहिला डोस. टॉनिकातलं ड जीवनसत्त्व अंगात साठतं; अती झालं की मूत्रपिंडात कॅल्शियम धरतं. अंड्यावर न आलेल्या तलंगांच्या खाद्यात साधारण 1 टक्का कॅल्शियम पुरे. त्यांना लेयरचा, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचा, डोस आठवडेच्या आठवडे दिला तर मूत्रपिंडं निकामी होतात, आणि ऐन अंड्यावर आल्यावर त्या मरू लागतात.