'किमान आवश्यकता' लिहिणाऱ्यांनो, एकदा स्वतः बसवून बघा

शनिवारी दुपारी चारला सुरू केलेलं काम रविवारी रात्री साडेअकराला संपलं. तेही अर्धवट. काम एवढंच होतं की ऑफिसच्या टेलिफोन एक्स्चेंजला एक सॉफ्टवेअर जोडायचं. कुठल्या एक्स्टेन्शनवरून कुठे फोन गेला, किती वेळ चालला, कोणते कॉल कोणी उचललेच नाहीत याचा हिशोब ठेवायचा, कॉल रेकॉर्ड करायचे आणि घरून काम करणाऱ्यांना सॉफ्टफोन (कॉम्प्युटरवरून फोन करायचा प्रोग्रॅम) द्यायचा.

विकत घेण्याआधी मी सिस्टीम रिक्वायरमेंटचा कागद, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला मशीन किमान कसं लागतं याची यादी, मागून घेतला होता. दोनदा वाचला. विंडोज ७, ८ किंवा १०, ड्युअल कोअर प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० एमबी मोकळी जागा, इंटरनेट कनेक्शन. संपलं. आम्ही याच्या दुप्पट ताकदीचं नवं कोरं मशीन घेतलं, त्यावर विंडोज ११. आता विंडोज ७चा सपोर्ट जानेवारी २०२०मध्ये संपला आणि १०चा ऑक्टोबर २०२५मध्ये. म्हणजे या कागदाकडे कंपनीतल्या एकाही माणसाने कित्येक वर्षांत बघितलेलं नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, "सर, ११वर चालतं, पण आम्ही टेस्ट केलेलं नाही." मग चालतं हे तुम्हाला कोणी सांगितलं?

पहिला धक्का केबलचा. आमचं एक्स्चेंज प्रत्येक कॉल संपला की त्याची एक ओळ सिरीयल पोर्टवरून बाहेर टाकतं. नऊ पिनांचा जुना आरएस-२३२ पोर्ट, विंडोज त्यालाच कॉम पोर्ट म्हणतं, वेग ९६०० बॉड. सॉफ्टवेअर ती ओळ वाचतं आणि हिशोब करतं, त्याचं मूळ काम तेच. आणि कागदावर सिरीयल पोर्टचा उल्लेखसुद्धा नाही! आजकाल नव्या मशीनला तो पोर्ट सहसा येतच नाही. सपोर्टवाल्याला फोन केला. "सर, कॉम पोर्ट तर लागणारच ना, ते गृहीतच असतं." कोणी गृहीत धरायचं? मी? तुमचं सॉफ्टवेअर पोर्टवरून काय वाचतं हे मला स्वप्नात कळणार आहे का?

धावपळ करून यूएसबी-टू-सिरीयल कन्व्हर्टर आणला. विंडोजने त्याला कॉम ७ नंबर दिला. सॉफ्टवेअरच्या यादीत कॉम १ ते कॉम ४ एवढेच. पुढे काहीच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन हाताने कॉम ३ केला, तेव्हा कुठे पहिली ओळ दिसली. नंतर टेबल सरकवताना केबल निघाली, ती शेजारच्या यूएसबी पोर्टमध्ये लावली गेली, आणि नंबर परत बदलला. आता त्या पोर्टवर मी मार्करने "हात लावू नका" असं लिहून ठेवलंय. कॉम पोर्ट लागेल, तोही १ ते ४ मधलाच, एवढं एक वाक्य त्या कागदावर असतं तर माझा शनिवार वाचला असता.

मग इन्स्टॉलर म्हणाला, डॉटनेट फ्रेमवर्क ३.५ (काही प्रोग्रॅम चालायला लागणारा विंडोजचा एक भाग) पाहिजे. हेही कागदावर नाही. विंडोजमध्ये ते आपोआप चालू नसतं, वेगळं चालू करावं लागतं आणि त्याच्या फाइल्स इंटरनेटवरून उतरतात. आमच्या नेटवर्कवर अपडेट अडवलेले असल्यामुळे त्या उतरेनात, म्हणून विंडोजच्या इन्स्टॉलेशन मीडियातून त्या शोधून काढाव्या लागल्या. त्यात दोन तास गेले. पुढे एक्स्चेंजचा ड्रायव्हर (विंडोजला एक्स्चेंजशी बोलायला लावणारा प्रोग्रॅम) जुना ३२-बिटचा निघाला आणि ६४-बिट विंडोजची टेलिफोनी सर्व्हिस तो घेईना. त्याबद्दल मी आता बोलतच नाही.

पण त्या ५०० एमबीबद्दल बोलणारच. सॉफ्टवेअर कॉल रेकॉर्ड करतं हे तुम्ही जाहिरातीत मोठ्या अक्षरांत सांगता. साध्या जी.७११ कोडेकमध्ये (फोनचा आवाज डिजिटल करायच्या पद्धतीत) आवाज सेकंदाला ६४ किलोबिट घेतो. मिनिटाला सुमारे अर्धा एमबी, तासाला २९ एमबी. आमच्या १६ लाइनी आहेत. सगळ्या एकदम चालू असतील तर तुमचे ५०० एमबी तासाभराच्या आसपास संपतात. रोज प्रत्येक लाइन पाच तास चालली तर दिवसाला सव्वादोन जीबीच्या वर आणि कामाचे २६ दिवस धरले तर महिन्याला साठ जीबीच्या आसपास जागा लागते. दोन्ही बाजूंचे आवाज वेगळे ठेवले तर दुप्पट. हे गणित शाळकरी पोरगं करेल. ५०० एमबी ही फक्त प्रोग्रॅम कॉपी व्हायला लागणारी जागा आहे, तो वापरायला लागणारी नाही, आणि हे त्यांना पक्कं माहीत आहे.

डेटाबेसचंही तेच. सोबत एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसची २०१९ची आवृत्ती येते. फुकट आहे, चांगली आहे, पण तिच्यात एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ती भरली की नवी नोंद होत नाही. जुना डेटा कधी, कसा काढायचा याबद्दल कुठेही चकार शब्द नाही.

आणि माझं डोकं खरं फिरलं ते फायरवॉलवरून. रविवारी संध्याकाळी सॉफ्टफोन लागला, पण बोलणाऱ्याचा आवाज एकाच बाजूला जात होता. सपोर्टवाला म्हणाला, "सर, फायरवॉल आणि अँटीव्हायरस बंद करून बघा." मी म्हटलं, नेटवर्कचे कुठले पोर्ट (डेटा जायचे नंबर दिलेले दरवाजे) लागतात ते सांगा, तेवढेच उघडतो. त्याला माहीत नव्हते! फोन व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्या सपोर्टला आवाज कुठल्या पोर्टवरून जातो हे सांगता येत नाही. एसआयपीचं, म्हणजे नेटवर्कवरून फोन जोडायच्या पद्धतीचं, सिग्नलिंग (फोन लावणं, तोडणं) साधारणपणे ५०६०वरून जातं, आवाज वेगळ्याच यूडीपी पोर्टांवरून जातो, आणि ते अडले की एकीकडचा आवाज गायब होतो. शेवटी मीच सेटिंगच्या फाइल्स उघडून पोर्टांची रेंज शोधली. इंटरनेटवर उघडी एसआयपी यंत्रं शोधत फिरणारे लोक रात्रंदिवस बसलेले असतात. एखादा कमजोर पासवर्ड सापडला की तुमच्या लाइनवरून परदेशात कॉल करतात आणि बिल तुमच्या नावावर येतं. अशा जगात ग्राहकाला "फायरवॉल बंद करा" सांगणं हा बेजबाबदारपणा आहे. यावर मी गप्प बसणार नाही.

सोमवारी सकाळी रिपोर्ट काढला. रात्री सव्वाबारानंतरचा एकही कॉल नाही. मशीन स्लीपमध्ये गेलं होतं. आमचं एक्स्चेंज ती ओळ एकदाच टाकतं, ऐकायला कोणी नसेल तर ती गेली. पहाटे आलेले कॉल आता कुठेच नाहीत. त्यांतला एक ग्राहक सकाळी साडेनऊला आमच्या रिसेप्शनवर ओरडत होता की मी तीनदा फोन केला, कोणी उचलला नाही. आमच्याकडे त्याला दाखवायला काही नव्हतं. रिसेप्शनवरची मुलगी विनाकारण बोलणी खात होती आणि मी मागे उभं राहून ऐकत होतो.

आज दुपारी त्यांना मेल केला आहे. कॉम पोर्ट, डॉटनेट, ड्रायव्हर किती बिटचा, पोर्टांची पूर्ण यादी, लाइनीमागे लागणारी डिस्क, डेटाबेसची मर्यादा, स्लीप बंद ठेवायची सूचना, सगळं त्यांच्या लेटरहेडवर, सहीनिशी मागितलं आहे. ते हातात पडेपर्यंत पैशाचा दुसरा हप्ता जाणार नाही.